अनोळखी चेहरा आणि कॅमेरा : कँडिड स्ट्रीट फोटोग्राफीची पार्श्वभूमी

कँडिड स्ट्रीट फोटोग्राफी, म्हणजे रस्त्यावरील माणसांची सहज, न मांडलेली छायाचित्रे टिपण्याची कला, शिकू पाहणाऱ्याला तांत्रिक बाबी फार काळ अडवत नाहीत. अॅपर्चर (भिंगातील छिद्राचा आकार), शटरचा वेग आणि आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) यांचा मेळ सरावाने हाताला बसतो. गाडी अडते ती समोरच्या अनोळखी माणसापाशी. त्याला न सांगता छायाचित्र टिपावे की जवळ जाऊन विचारावे, आणि टिपल्यावर त्याने हटकले तर काय बोलावे, हे प्रश्न नवशिक्याला स्वतःच्या भिडस्तपणाची लक्षणे वाटतात. वास्तविक हातात धरता येणारा कॅमेरा आला तेव्हापासून ते या कलेला चिकटलेले आहेत, आणि आज शिकवल्या जाणाऱ्या बहुतेक पद्धती म्हणजे वेगवेगळ्या काळातील छायाचित्रकारांनी त्यांना दिलेली उत्तरे आहेत.

छायाचित्रणाच्या पहिल्या काही दशकांत हा पेच उद्भवण्याचे कारणच नव्हते. लुई दागेर याने १८३८ मध्ये पॅरिसमधील एका वर्दळीच्या रस्त्याचे छायाचित्र घेतले, तेव्हा प्रतिमा उमटवणारी प्लेट काही मिनिटे उघडी ठेवावी लागल्यामुळे धावत्या गाड्या आणि चालती माणसे तिच्यावर उमटलीच नाहीत. बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक माणूस तेवढा उरला. छायाचित्रात ओळखू येणारा हा बहुधा पहिला मनुष्य, आणि आपली प्रतिमा कुठे उमटली आहे याची त्याला कल्पनाही नसावी. पुढे १८७७ मध्ये जॉन थॉमसन याने लंडनच्या रस्त्यांवरील फुलवाल्या, घोडागाडीवाले आणि निराधार माणसे यांची छायाचित्रमालिका प्रसिद्ध केली. रसायन ओले असतानाच वापरावी लागणाऱ्या काचप्लेटवर काम करताना माणसाला स्थिर उभे करावे लागे, त्यामुळे त्याच्याशी आधी बोलणे भागच होते. संमती ही नीतीची बाब होण्याआधी यंत्राची गरज होती.

ती गरज कोरड्या जिलेटिन प्लेटने संपवली. १८८०च्या दशकात सेकंदाच्या अंशात छायाचित्र घेणे शक्य झाले आणि लगोलग छुप्या कॅमेऱ्यांची लाट आली. १८८६ चा स्टर्नचा कॅमेरा एका चपट्या तबकडीसारखा होता. तो जाकिटाच्या आत गळ्यात अडकवायचा, भिंग बटणाच्या काजातून बाहेर डोकावू द्यायचे आणि खिशातली दोरी ओढून शटर उघडायचे. आतल्या गोल काचप्लेटवर सहा लहान वर्तुळाकार प्रतिमा उमटत. पुढे गणितज्ञ आणि ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यासक म्हणून नाव मिळवलेला कार्ल स्टॉर्मर १८९०च्या दशकात ओस्लोत विद्यार्थी होता, तेव्हा त्याने असा कॅमेरा वापरून शहरातील नामवंतांची शेकडो छायाचित्रे टिपली. त्याची रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे : समोरून येणाऱ्या व्यक्तीला तो आधी अभिवादन करी, तिच्या चेहऱ्यावर हसू उमटले की मग दोरी ओढी. कॅमेरा लपवलेला असला तरी माणूस लपलेला नव्हता, आणि त्या छायाचित्रांत जी ऊब दिसते ती त्या अभिवादनाची आहे, असे माझे मत आहे.

१८८८ मध्ये शंभर छायाचित्रांची फिल्म आधीच भरलेला कोडॅक कॅमेरा बाजारात आला आणि हे सामर्थ्य सर्वसामान्यांच्या हाती गेले. त्यावर समाजाची प्रतिक्रिया काय होती, याचा सर्वांत टिकाऊ पुरावा कायद्याच्या इतिहासात सापडतो. सॅम्युएल वॉरेन आणि लुई ब्रँडाइस या बोस्टनच्या दोन वकिलांनी डिसेंबर १८९० मध्ये हार्वर्डच्या कायदाविषयक नियतकालिकात खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. त्यात क्षणार्धात टिपल्या जाणाऱ्या छायाचित्रांचा उल्लेख धोका म्हणून स्पष्टपणे येतो. पुढे एका तरुणीचे छायाचित्र तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापले गेले, १९०२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने तिला दाद दिली नाही, आणि त्यावर उसळलेल्या नाराजीतून १९०३ मध्ये त्या राज्याने जाहिरात किंवा व्यापारासाठी संमतीविना चेहरा वापरण्यास बंदी करणारा कायदा केला. कला आणि व्यापार यांच्यातील जी सीमारेषा आजचे छायाचित्रकार सांगतात, तिचे एक मूळ या पिठाच्या जाहिरातीत आहे.

तरीही लपवण्याचा मोह सुटला नाही. पॉल स्ट्रँड याने १९१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॅमेऱ्याला एका बाजूस खोटे भिंग बसवले होते, जेणेकरून कॅमेरा भलतीकडे रोखलेला दिसावा. वॉकर इव्हान्स याने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत त्याहून पुढचे पाऊल टाकले. त्याने आपल्या काँटॅक्स कॅमेऱ्याचे चकाकते भाग काळे रंगवले, तो छातीशी बांधला, कोटाच्या दोन बटणांमधून भिंग काढले आणि शटरची तार बाहीतून तळहातापर्यंत आणली. व्ह्यूफाइंडरला डोळा लावता येत नसल्यामुळे चौकट बांधणे अशक्य होते. समोरच्या बाकावर कोण येऊन बसते यावरच सारे अवलंबून होते. ते चेहरे विलक्षण आहेत, कारण कोणासाठीही काहीही करत नसलेला माणूस तिथे दिसतो. मात्र इव्हान्सने ही छायाचित्रे पुस्तकरूपाने १९६६ मध्ये, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षांनी, प्रसिद्ध केली. टिपणे आणि प्रसिद्ध करणे या दोन वेगळ्या कृती आहेत, हे नवशिक्याने या एका उदाहरणावरून समजून घ्यावे.

लपवण्याऐवजी चपळ होण्याचा मार्ग लायकाने खुला केला. ऑस्कर बारनॅक याने चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा हा छोटा कॅमेरा तयार केला आणि १९२५ मध्ये तो जर्मनीतील लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत सादर झाला. आंरी कार्तिए-ब्रेसाँ याने १९३० च्या दशकाच्या आरंभी तो हाती घेतला, त्याचे चकाकते भाग काळ्या पट्टीने झाकले आणि बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या भिंगावर केले. त्याचा कॅमेरा कोटाआड नव्हता. हालचालीत डौल आणि मनात संयम असेल तर उघड्यावर उभे राहूनही अलक्षित राहता येते, हे त्याने दाखवले.

याच दशकात विचारण्याची परंपराही आकार घेत होती. डोरोथिया लँग हिला लहानपणी पोलिओ झाला होता आणि ती लंगडत चाले. त्या लंगडेपणामुळे लोक आपल्याला जवळ येऊ देतात, असे ती मानत असे. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या तळावर तिने एका आईची जी छायाचित्रे घेतली, ती पावलापावलाने जवळ जात घेतलेली आहेत. तिने त्या स्त्रीचे नाव मात्र विचारले नाही. कित्येक दशकांनी त्या स्त्रीने, ते छायाचित्र घेतलेच गेले नसते तर बरे झाले असते, अशी भावना व्यक्त केली. जवळ जाऊन, समोरून घेतलेले छायाचित्रही माणसाला दुखवू शकते, ही बाब शिकवताना फार क्वचित सांगितली जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अंतर कमी होत गेले. विल्यम क्लाइन याने १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रुंद कोनाचे भिंग थेट गर्दीत घातले आणि लोकांनी कॅमेऱ्याला दिलेला प्रतिसादच चित्राचा विषय केला. गॅरी विनोग्रँड २८ मिलिमीटरच्या भिंगावर काम करी. असे भिंग एफ ८ या अॅपर्चरवर ठेवून अडीच मीटरवर फोकस केले, की साधारण दीड मीटरपासून जवळजवळ दहा मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते. फोकसची चिंता उरत नाही, पण चौकट भरायची तर माणसाच्या अगदी जवळ जावे लागते. विनोग्रँड इतक्या जवळून छायाचित्र घेताना हसे, मान हलवी आणि पुढे निघून जाई. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जॉन झारकोव्स्की यांनी त्याच्यासोबत ली फ्रीडलँडर आणि डायान आर्बस यांची चित्रे एकत्र मांडली. आर्बस अनोळखी माणसाशी बोले, त्याला वेळ देई, आणि तिची माणसे थेट भिंगात पाहतात. न विचारता टिपलेले आणि विचारून काढलेले अशी दोन्ही छायाचित्रे तिथे शेजारी शेजारी होती, आणि त्यांत कोणते अधिक खरे हे ठरवणे मला तरी शक्य वाटत नाही.

प्रेक्षकांना मात्र हा भेद महत्त्वाचा वाटतो. रॉबेर द्वानो याने १९५० मध्ये पॅरिसमध्ये टिपलेले चुंबनाचे छायाचित्र अनेक दशके सहज सापडलेला क्षण मानले गेले. १९९० च्या दशकात ते प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा ती जोडी त्याने ठरवून उभी केली होती, हे उघड झाले आणि अनेकांचा विरस झाला.

कायद्याची उत्तरे देशागणिक वेगळी आहेत. मॉन्ट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायरीवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचे छायाचित्र संमतीविना एका नियतकालिकात छापले गेले, तेव्हा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. फिलिप-लॉर्का डिकोर्सिया याने टाइम्स स्क्वेअरमध्ये फ्लॅश लावून दुरून टिपलेल्या चेहऱ्यांपैकी एका छायाचित्राविरुद्धचा दावा २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फेटाळला, कारण ते छायाचित्र व्यापार नसून कला ठरले. १९०३ च्या कायद्यातील तीच रेषा इथे निर्णायक झाली. जर्मनीत १९०७ च्या कायद्यानुसार प्रसिद्धीसाठी मूलतः संमती लागते, तिला अपवाद असले तरी.

दरम्यान विचारण्याच्या पद्धतीतही भर पडली. जमेल शबाझ १९८० च्या दशकात ब्रुकलिनच्या रस्त्यांवर तरुणांना थांबवताना स्वतःच्या छायाचित्रांचा अल्बम सोबत बाळगी, म्हणजे आपण कोण आहोत आणि काय करतो हे समोरच्याला डोळ्यांनी पाहता येई. डिजिटल पडद्याने ती सोय प्रत्येकाला दिली : टिपलेले छायाचित्र जागच्या जागी दाखवता येते, आणि नको असल्यास समोरच्याच्या देखत पुसता येते. नवशिक्याने आधी विचारून काही चेहरे टिपावेत आणि नंतर न विचारता टिपण्याकडे वळावे, हा क्रम मला त्यामुळेच पटतो. अनोळखी माणसाशी दोन वाक्ये बोलण्याची सवय झालेली असली, की कोणी हटकल्यावर कॅमेरा खाली करून पळ काढावा लागत नाही.