स्नेक केस, कॅमल केस आणि शब्दांमधली सीमा

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत व्हेरिएबल, फंक्शन वगैरेंच्या नावाच्या मधे रिकामी जागा चालत नाही. 'टोटल मार्क्स' असं सुटं लिहिलं की पायथनला ती दोन वेगळी नावं वाटतात आणि प्रोग्रॅम तिथेच अडतो. मग दोन शब्द एका नावात बसवायचे कसे? मधे अंडरस्कोर घालून सगळी अक्षरं स्मॉल ठेवली तर तो स्नेक केस. शब्द चिकटवून दुसऱ्या शब्दापासून प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल केलं तर कॅमल केस. पहिला शब्दही कॅपिटलने सुरू झाला की पास्कल केस. हायफनने जोडलेली नावं वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये सर्रास दिसतात, पण पायथन हायफनला वजाबाकी समजतो.

पायथनच्या लेखनशैलीचे संकेत 'पेप ८' या दस्तऐवजात 2001 साली मांडले गेले. त्यानुसार फंक्शन आणि व्हेरिएबल स्नेक केसमध्ये, क्लास पास्कल केसमध्ये. जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये मात्र कॅमल केस रूढ आहे. वेबसाइटकडून आलेली माहिती पायथनमध्ये घ्यायची म्हटली, की नावांचं रूपांतर करायची वेळ नवशिक्यावरही येते.

स्नेककडून कॅमलकडे जाणं सोपं. 'स्प्लिट'ने अंडरस्कोरपाशी तुकडे करायचे, पहिला तसाच ठेवायचा, उरलेल्यांवर 'कॅपिटलाइझ' चालवायचं आणि 'जॉइन'ने सगळे जोडायचे. एका ओळीचं काम. फक्त नाव अंडरस्कोरनेच सुरू होत असेल तर पहिला तुकडा रिकामा निघतो आणि तो अंडरस्कोर गळून पडतो. पायथनमध्ये सुरुवातीचा अंडरस्कोर 'हे आतल्या वापरासाठी आहे' असं सांगतो. तो बाजूला काढून शेवटी परत लावायलाच हवा.

उलटा प्रवास खरा रंजक आहे. इथे सीमा दाखवणारं वेगळं चिन्हच नसतं. ती अक्षराच्या आकारातून ओळखावी लागते. संगणकासाठी कॅपिटल ए म्हणजे 65 आणि स्मॉल ए म्हणजे 97. प्रत्येक इंग्रजी जोडीत हाच 32 चा फरक. पायथनला हे आकडे मोजायला लावायची गरज नाही. अक्षर कॅपिटल आहे का, हे 'इझअपर' सांगतं आणि 'लोअर' ते स्मॉल करून देतं. एकेक अक्षर वाचत जायचं आणि कॅपिटल दिसलं की त्याआधी अंडरस्कोर घालायचा, बस्स.

पण नावात एचटीटीपीसारखा सगळा कॅपिटल संक्षेप आला की ही रीत कोसळते. चारही अक्षरं कॅपिटल, म्हणून प्रत्येकाआधी अंडरस्कोर पडतो आणि एका संक्षेपाचे चार शब्द होतात. यावरचा उपाय मला फार आवडतो. नावावरून दोनदा फिरायचं. पहिल्या फेरीत, ज्या कॅपिटलनंतर स्मॉल अक्षर आहे त्याच्या आधी तोडायचं, नावाची सुरुवात सोडून. दुसऱ्या फेरीत, स्मॉल अक्षर किंवा अंक संपून लगेच कॅपिटल सुरू होतं तिथे तोडायचं. आता एचटीटीपी-सर्व्हर या नावाचे बरोबर दोन भाग पडतात. दोन्ही फेऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या, म्हणजे मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्राच्या, दोन ओळींत मावतात.

तरी दोन संक्षेप एकमेकांना चिकटून आले, सगळे कॅपिटलमध्ये, तर कोणताही नियम त्यांना वेगळं करू शकत नाही. एक्सएमएल कुठे संपलं आणि एचटीटीपी कुठे सुरू झालं हे त्या अक्षरांत लिहिलेलंच नाही. वाचणाऱ्याला ते आधीपासून माहीत असतं. परतीच्या वाटेवरही नुकसान होतं. स्मॉल झालेलं एचटीटीपी पुन्हा पास्कल केसमध्ये नेलं, तर फक्त एच कॅपिटल होतो, कारण बाकीची अक्षरं कॅपिटल होती ही खूण पुसली गेलेली असते. म्हणून रूपांतरित नावावरून मूळ नाव पुन्हा बनवायच्या भानगडीत पडू नये. दोन्हींची जोडी डिक्शनरीत, म्हणजे पायथनच्या जोड्या साठवणाऱ्या रचनेत, जपून ठेवावी.

आपल्या लिपीचं काय? 2008 साली आलेल्या पायथन 3 पासून देवनागरी नावं चालतात. 'एकूण_गुण' हे अगदी वैध व्हेरिएबल आहे. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल असा भेद नाही, त्यामुळे कॅमल केस इथे संभवतच नाही. 'अपर' चालवलं तरी अक्षर जसंच्या तसं राहतं. स्नेक केसला मात्र काहीच अडचण नाही, 'स्प्लिट' नेहमीसारखं काम करतं.

सांभाळायचं ते रेग्युलर एक्स्प्रेशनला. त्यासाठीच्या पायथनच्या 're' मॉड्यूलमधली शब्दातलं अक्षर ओळखणारी खूण काना-मात्रा-वेलांट्यांना अक्षर मानत नाही. तिच्याकडून 'एकूण'चे शब्द काढून घेतले तर 'एक' आणि 'ण' असे दोन तुकडे हाती येतात, दीर्घ उकार मधेच गळतो. गंमत म्हणजे तेच पायथन 'इझआयडेंटिफायर'ला विचारलं तर 'एकूण' हे नाव बिनचूक असल्याचं सांगतं. मराठी नावं असलेल्या फाइलवर काम करताना त्या खुणेवर विसंबू नका. तुकडे अंडरस्कोरपाशीच करा.