फडात मोडतं, घाटात बोंबलतं

सांगली-मिरज रस्त्यालगतच्या एका गॅरेजात ऊस वाहणारा जुना ट्रक उभा होता. मागची दोन्ही बाजूंची चाकं जॅकवर उचललेली, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. मिस्त्रींनी डावं चाक हाताने पुढे ढकललं आणि उजवं आपोआप उलटं फिरायला लागलं. "बगा सर, त्याला कोन हात लावलाय का?"

त्या दोन चाकांच्या मधे, हाऊसिंगच्या (बाहेरच्या लोखंडी कवचाच्या) पोटात, जो गिअरांचा गोळा बसलेला असतो तो म्हणजे डिफरन्शियल. इंजिनाची ताकद जॉइंट शाफ्टमधून, म्हणजे गाडीखालून मागे येणाऱ्या लांब दांड्यातून, पिनियन या छोट्या गिअरला येते. पिनियन क्राऊन नावाच्या मोठ्या गिअरला फिरवतो. क्राऊनसोबत फिरणाऱ्या पिंजऱ्यात एका क्रॉसवर (अधिकच्या चिन्हासारख्या दांड्यावर) चार छोटे स्टार गिअर असतात आणि त्यांच्या दोन बाजूंना चाकांकडे जाणाऱ्या हाफ शाफ्टचे गिअर. स्टार दोन्ही बाजूंना ढकलतो, पण स्वतःभोवती फिरायलाही मोकळा असतो. ही सगळी गंमत त्या मोकळेपणाची आहे. पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने 1827 च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी हीच युक्ती पेटंट केली होती.

ती लागते वळणावर. मागच्या दोन बाजूंच्या चाकांत 1.8 मीटर अंतर धरा. पसरणी घाटात गाडी पूर्ण उलटी फिरवणाऱ्या वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे 5.65 मीटर जास्त धावतं. मजा अशी की वळण तंग असो की ऐसपैस, हा फरक तेवढाच राहतो, कारण त्यात वळणाची त्रिज्या येतच नाही, 1.8 ला पायने (π, 3.14) गुणायचं, झालं. हा फरक स्टार गिअर सावकाश फिरून पचवतात. सरळ रस्त्यावर ते क्रॉसवर जवळपास स्वस्थ बसलेले असतात.

आता हाच ट्रक उसाच्या फडात न्या. काळं रान, वर ओलं पाचट. एक चाक रुतून जागच्या जागी फिरायला लागतं, दुसरं ढिम्म उभं. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, सारखाच देतं. निसटत्या चाकाला चिखल जेवढा विरोध करतो, तेवढाच जोर खडखडीत जमिनीवरच्या चाकाला मिळतो, म्हणजे जवळजवळ नाहीच. ड्रायव्हर चिडून रेस देतो. स्पीडोमीटरच्या काट्यावर 30 दिसत असेल तर फिरणारं चाक 60 च्या वेगाने फिरत असतं, कारण थांबलेल्या चाकाचा वाटाही त्यालाच जातो. आणि एरवी स्वस्थ बसणारे स्टार क्रॉसवर भिंगरीसारखे फिरतात. तिथली ऑईलची फिल्म मुळात पातळ असते. ती फाटते, धातू धातूला घासतो, स्टार क्रॉसला चिकटतो. अशात चाकाला एखादा दगड सापडला आणि ते एकदम थांबलं, की दणका दातांवर. माझ्या मते जुन्या ट्रकचं डिफरन्शियल ओव्हरलोडने जितकं मरत नाही तितकं या दोन मिनिटांच्या रेसने मरतं. (अशा वेळी रेस देताना ब्रेकवर हलका पाय ठेवला तर निसटत्या चाकाला विरोध वाढतो आणि तेवढाच जोर पलीकडे जातो. जुने ड्रायव्हर हे करतात. कारण मात्र क्वचितच कुणी सांगतं.)

या ट्रकचं तसंच झालं होतं. फडातून ट्रॅक्टरने ओढून काढला, वजनकाट्यापर्यंत नीट गेला. आवाज सुरू झाला तो पंधरवड्याने, कुंभार्ली घाट उतरताना.

आवाज कधी येतो, यातच अर्धं निदान असतं. रेस दिल्यावर घुमतो आणि सोडली की थांबतो, किंवा उलट फक्त उतारावर इंजिन गाडीला धरत असताना येतो, तर नजर क्राऊन-पिनियनकडे आणि पिनियनच्या बेअरिंगकडे वळवायची. फक्त वळणावर कुरकुरलं तर स्टार. गिअर टाकताना "टण्ण" झालं तर हाऊसिंग उघडण्याआधी जॉइंट शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस (हे वेगळे) हलवून बघायचे. अनेकांचे पैसे तिथेच वाचतात.

घुमण्याचा सूरही मोजता येतो. टायरचा घेर 3.3 मीटर, क्राऊनचे दात 41 आणि पिनियनचे 7 धरले, तर ताशी 40 किलोमीटरला क्राऊनचे दात सेकंदाला सुमारे 138 वेळा पिनियनला भिडतात. म्हणजे 138 हर्ट्झ, पेटीवरची काळी एक! वेग वाढला की सूर चढतो आणि गिअर बदलून तोच वेग ठेवला तर सूर हलत नाही. इंजिनाचा आवाज असता तर हलला असता.

दात तुटला असेल तर खडूचा तुकडा पुरतो. टायरवर रेघ मारायची आणि गाडी माणसाच्या चालीने सरळ न्यायची. रेघेच्या एका फेऱ्यात एक ठोका आला तर दात क्राऊनचा गेला. दर 56 सेंटीमीटरला आला तर पिनियनचा. इथे आम्ही दोघे वाकून चालत मोजत होतो. ठोका फेऱ्याला एकच होता.

मग ऑईल. ड्रेन प्लगच्या चुंबकाला मेंदीसारखा करडा लेप असणं जुन्या गाडीत चालतं. या प्लगवर नखाएवढे दोन चकचकीत तुकडे होते, आणि ऑईल दुधाळ. म्हणजे पाणी गेलेलं. हाऊसिंगवरच्या ब्रीदरमध्ये, म्हणजे हवा जायच्या भोकात, वाळलेला चिखल बसला होता. ब्रीदर तुंबला की तापलेली हवा बाहेर पडत नाही, दाबाने ऑईल सील गळतात; पुढे गरम हाऊसिंग ओढ्यात बुडून गार झालं की तेच सील पाणी आत ओढतात.

ट्रकचे हाफ शाफ्ट हबचे नट काढून बाहेर ओढता येतात, चाकं तशीच राहतात. सोय आहे, पण घातकी. एक शाफ्ट काढला तरी गिअरमध्ये उभी असलेली गाडी मोकळी होते, कारण जॅकवर पाहिलेला खेळ: एक बाजू सुटली की दुसरी अडत नाही. मिस्त्रींनी आधी चारी बाजूंना दगड लावले, मग पाना हातात घेतला.

गोळा खाली आला. एक स्टार फुटलेला, त्याचे तुकडे क्राऊनच्या दातात चेपले गेलेले, एक दात कोपऱ्यात मोडलेला. मालकाला फक्त क्राऊन बदलायचा होता. ते जमत नाही. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जोडी लावतात, दोघांवर एकच नंबर कोरतात. नव्या क्राऊनबरोबर जुना पिनियन गप्प बसत नाही.

जुळवणीला मिस्त्रींनी तेलात शेंदूर कालवला. मारुतीला लावतात तोच. क्राऊनच्या दातांना फासून पिनियन फिरवला, की दात जिथे टेकतात तिथला शेंदूर पुसला जातो. डाग बुडाशी पडला तर पिनियन फार आत आहे, त्यामागची शिम (पातळ चकती) बदलायची. शेंड्याशी पडला तर उलट. डाग उंचीला मध्यावर आणि आतल्या टोकाकडे किंचित झुकलेला हवा, कारण लोड आला की तो बाहेर सरकतो. क्राऊन बाजूच्या नटांनी सरकवून दातांतला प्ले (मोकळी फट) डायलवर 0.25 मिलिमीटरला आणला. या गाडीच्या पुस्तकात 0.2 ते 0.3 दिला होता. तीनदा खोलून शिम बदलली, चौथ्यांदा डाग जागेवर आला. मग मिस्त्रींनी साबणाने दोनदा हात धुतले. शेंदूर म्हणजे शिसंच.

संध्याकाळी ट्रायलला ट्रक मिरजेपर्यंत जाऊन आला. उतारावर कान देऊन बसलो, काळी एक लागली नाही. परत आल्यावर मिस्त्रींनी कोपऱ्यातली चार रिकामी पोती ड्रायव्हरच्या केबिनमध्ये टाकली. "ही चाकाखाली टाकायची. रेस नको." ड्रायव्हर हसला, पण पोती त्याने सीटमागे नीट रचून ठेवली.