लांबून पाहिलं तरी झळ बसते

"घटना घडली तिकडे, मी नुसता मोबाइलवर बघतोय. मला काय होणार?" तरुणांमध्ये हा समज फार घट्ट आहे. तो चुकीचा आहे.

एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकेत बॉस्टन मॅरेथॉनच्या वेळी बॉम्बस्फोट झाले. पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्याच बातम्यांत बुडालेल्यांनी, प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही तीव्र ताणाची लक्षणं सांगितली. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुळात घाबरट माणसंच जास्त बघत असतील, असं कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. पण स्फोटांआधीचं मानसिक आरोग्य हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. शिवाय २०१९ मधल्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की बॉस्टनच्या बातम्यांनी बेचैन झालेले लोक पुढची काळजी करत राहिले आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्याच ऑरलँडो शहरात झालेल्या गोळीबाराच्या वेळी आणखी बातम्या बघत बसले. म्हणजे भीतीने बघणं वाढतं, बघण्याने भीती.

"माहिती असलेली बरी" हा युक्तिवादही अर्धाच खरा. माहिती सुरुवातीच्या काही मिनिटांतच मिळते. रात्री दोनला अंगठा सरकतो तो त्याच क्लिपवर, फक्त वरचा मथळा बदललेला, खाली तेच भांडण. त्यात नवं काही नसतं (अफवा सोडल्या तर). आणि थांबायची जागाही नसते: पान संपूच न देणारं स्क्रोलिंग अझा रास्किन या अमेरिकी डिझायनरनं २००६ मध्ये तयार केलं, आणि पुढे त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली.