घरबसल्या एलएलबी आणि बँकर ते फायनान्स-वकील

वर्षानुवर्षे फिरणारा निरोप असा: 'बँकेतली नोकरी न सोडता पत्राद्वारे एलएलबी करा, सनद (वकिलीचा परवाना) घ्या आणि कॉर्पोरेट वकील व्हा.'

निरोप अर्धा बरोबर आहे, म्हणूनच पटतो. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर 3 वर्षांचे एलएलबी करता येते. खुल्या प्रवर्गाला किमान 45 टक्के लागतात. कॉमर्सचीच पदवी हवी असे नाही.

अडते ते हजेरीपाशी. 2008 च्या कायदा शिक्षण नियमांनुसार प्रत्येक विषयाला साधारण 70 टक्के हजेरी लागते. त्यामुळे दूरशिक्षणाच्या एलएलबीवर सनद मिळत नाही. कायद्यातला दूरस्थ डिप्लोमा ज्ञानासाठी ठीक, पण तो एलएलबी नव्हे. प्रवेशाआधी कॉलेजकडून मान्यतेचे पत्र आणि वेळापत्रक मागा. 'हजेरीचं आम्ही बघतो' असे उत्तर आले तर तिथेच थांबा. पुढे सनदेच्या वेळी ते तुम्हालाच भोवेल.

दुसरी गाठ नोकरीची. पूर्णवेळ पगारी नोकराला सर्वसाधारणपणे वकिली करता येत नाही. कंपनीच्या विधी विभागात कर्ज-करार तपासणे वेगळे, कोर्टात उभे राहणे वेगळे. विधी विभागातल्या कामाच्या जाहिरातीत बहुधा फक्त एलएलबी मागतात. जाहिरात नीट वाचा.

बँकरला कर्जाच्या अटी आणि तारण कळते, हे भांडवल खरेच मोठे. कमी पडतो तो मसुदा लिहिण्याचा हात. शिवाय कंपनीच्या मालमत्तेवरील बोजा (कर्जापोटी सावकाराचा हक्क) 30 दिवसांत नोंदवायचा असतो, अशा मुदतींचे भानही.