मिठाचा पगार आणि रोमन सैनिक

अनेक वर्षं फिरणारा मजकूर असा: रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा, म्हणून 'सॅलरी' हा शब्द आला.

'खाल्ल्या मिठाला जागणं' म्हणणाऱ्या आपल्याला हे पटकन पटतं. शिवाय अर्धी गोष्ट खरीच आहे. सॅलरीचं मूळ लॅटिन 'सालारियम', आणि त्याचं नातं 'साल' म्हणजे मिठाशी आहे. पहिल्या शतकातला एक रोमन लेखकही हा संबंध जोडतो. पण सैनिकांना पगार म्हणून मीठ वाटलं जाई, असं तोही म्हणत नाही.

रोमचा अभ्यासक अशा वेळी आधी हिशेबाचे कागद शोधतो, आणि इथे ते चक्क सापडले आहेत. इजिप्तमध्ये मिळालेल्या, इ.स. 81च्या एका पपायरसवर दोन सैनिकांचा पगार लिहिलेला आहे. रक्कम द्राख्मा नाण्यांत, वर्षाला तीन हप्ते. मग कपात: चारा, जेवण, बूट, कपडे, अगदी छावणीतल्या सणाची वर्गणीसुद्धा! मिठाचा पगार कुठेच नाही.

लॅटिन शब्दकोश उघडला तर सैनिकाच्या पगाराला वेगळाच शब्द दिसतो, 'स्तिपेंदियम'. पहिल्या सम्राटाच्या काळात तो वर्षाला 225 दिनार होता.

आणि मीठ सोन्याच्या भावाचं होतं म्हणावं, तर इ.स. 301च्या सरकारी दरपत्रकात एका मापाला गव्हाची आणि मिठाची कमाल किंमत सारखीच आहे.