९ नोव्हेंबर: एका तारखेत गुंतलेला जर्मनीचा इतिहास

दिनविशेषाच्या सदरात एका तारखेखाली चार-पाच घटना ओळीने दिलेल्या असतात. त्यांचा एकमेकींशी बहुधा काहीच संबंध नसतो. जर्मनीच्या ९ नोव्हेंबरचं तसं नाही. १८४८, १९१८, १९२३, १९३८ आणि १९८९ अशा पाच सालांत याच तारखेला त्या देशात फार मोठं काही घडलं. जर्मन लोक तिला ‘शिकझाल्सटाग’ म्हणतात, म्हणजे नियतीचा दिवस. मला हा शब्द पटत नाही. मधल्या तीन घटना नियतीने जोडलेल्या नाहीत, माणसांनी जोडल्या आहेत.

पहिली घटना सुटी आहे. सगळ्या जर्मन राज्यांसाठी निवडलेल्या फ्रँकफर्टच्या राष्ट्रीय सभेचे सदस्य रॉबर्ट ब्लुम व्हिएन्नातल्या उठावात उतरले, पकडले गेले आणि ९ नोव्हेंबर १८४८ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांना ४१ वर्षं पूर्ण होणार होती.

खरा धागा सुरू होतो तो १९१८ मध्ये. पहिलं महायुद्ध हरत आलं होतं, कील बंदरातल्या नौसैनिकांचं बंड शहराशहरांत पसरलं होतं. ९ नोव्हेंबरला दुपारी चॅन्सेलर माक्स फॉन बाडेन यांनी सम्राट दुसरा विल्हेल्म यांची संमती येण्याची वाट न पाहताच त्यांच्या पदत्यागाची घोषणा करून टाकली. दोनच्या सुमारास सोशल डेमोक्रॅट पक्षाचे नेते फिलिप शायडेमान यांनी संसदेच्या खिडकीतून प्रजासत्ताक जाहीर केलं. त्यांचेच सहकारी फ्रीडरिश एबर्ट यावरून त्यांच्यावर संतापले. दोनेक तासांनी बर्लिनच्या राजवाड्यावरून कडव्या डाव्यांचे नेते कार्ल लीबक्नेश्ट यांनी वेगळं, समाजवादी प्रजासत्ताक पुकारलं. ११ तारखेला युद्धबंदी झाली आणि पराभवाचं खापर उजव्या गटांनी या क्रांतीवर फोडलं. ‘नोव्हेंबरचे गुन्हेगार’ ही शिवी तेव्हाचीच.

हिटलरच्या भाषणांत ही शिवी सतत असे. त्याने १९२३ मध्ये केलेला उठाव क्रांतीच्या ऐन पाचव्या वर्धापनदिनी करायचा, असा बेत मात्र नव्हता. बव्हेरिया या जर्मन प्रांताचे सत्ताधारी ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी म्युनिकच्या एका बिअर हॉलमध्ये सभेला जमणार हे कळलं आणि त्याने संधी साधली. छतात गोळी झाडून त्याने सभा ताब्यात घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या सुमारे २,००० जणांचा मोर्चा पोलिसांच्या गोळीबारात पांगला. चार पोलीस मेले. दुसऱ्या बाजूचे जे १६ जण मेले, त्यांना नाझींनी पुढे हुतात्मा ठरवलं.

सत्ता आल्यावर दरवर्षी ८ आणि ९ नोव्हेंबरला म्युनिकमध्ये त्यांचं स्मरण होऊ लागलं. पक्षाचे सगळे बडे नेते तिथे जमत. १९३८ समजून घ्यायला ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

त्या वर्षी ऑक्टोबरअखेर जर्मनीने सुमारे १७,००० पोलिश ज्यूंना सीमेवर नेऊन सोडलं. त्यांत हर्शेल ग्रिन्स्पान या १७ वर्षांच्या मुलाचे आईवडीलही होते. ७ नोव्हेंबरला त्याने पॅरिसच्या जर्मन वकिलातीत एर्न्स्ट फॉम राट या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. राट ९ तारखेला दुपारनंतर वारला आणि ती बातमी म्युनिकच्या जुन्या टाउन हॉलमधल्या स्मरणदिनाच्या मेजवानीत पोचली. रात्री दहाच्या सुमारास प्रचारमंत्री गोबेल्सने ज्यूंविरुद्ध चिथावणीचं भाषण केलं. प्रांतोप्रांतीचे पक्षप्रमुख समोरच बसलेले होते. तिथूनच त्यांनी आपापल्या जिल्ह्यांना फोन लावले. १,४०० हून अधिक सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळली किंवा फोडली गेली, सुमारे ७,५०० दुकानं लुटली गेली, सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना छळछावण्यांत नेलं. सरकारी आकडा ९१ मृत्यूंचा; प्रत्यक्षात कितीतरी जास्त माणसं मेली. वर ज्यूंनाच १०० कोटी राइशमार्कचा दंड ठोठावला. याला नियती म्हणणं म्हणजे फोन करणाऱ्यांना मोकळं सोडणं आहे.

१९८९ चा ९ नोव्हेंबर मात्र निव्वळ योगायोग. पूर्व जर्मनीच्या सरकारने लोकांना पश्चिमेकडे जाऊ देणारे प्रवासाचे नवे नियम केले होते आणि ते १० तारखेपासून लागू व्हायचे होते. प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की नियम ठरताना हजर नव्हते. पत्रकार परिषदेआधी त्यांच्या हाती कागद दिला गेला. सातच्या सुमारास कुणीतरी विचारलं, कधीपासून? त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, ‘माझ्या माहितीप्रमाणे... लगेच, ताबडतोब.’ हे टीव्हीवर थेट चाललं होतं. बर्लिनच्या भिंतीवरल्या बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यावर हजारो लोक लोटले. वरून स्पष्ट आदेश येईना, तेव्हा साडेअकराच्या सुमारास तिथले अधिकारी हाराल्ड येगर यांनी स्वतःच फाटक उघडायला लावलं. २८ वर्षांची भिंत त्या रात्री निकामी झाली.

एवढा आनंदाचा दिवस, तरी तो राष्ट्रीय दिन झाला नाही. १९३८ च्या तारखेला जल्लोष करणं शक्यच नव्हतं. ३ ऑक्टोबर १९९० ला दोन्ही जर्मनी एक झाले, तीच तारीख सुटीची ठरली. ९ नोव्हेंबरला अनेक गावांत लोक फुटपाथवर गुडघे टेकून बसतात आणि नाझींच्या बळींच्या आठवणीसाठी दगडांत बसवलेल्या दहा सेंटीमीटरच्या पितळी पाट्या घासून लख्ख करतात. पाटीवर ‘इथे राहत होते’ असं लिहिलेलं असतं. त्याखाली नाव, जन्मसाल आणि कुठे नेऊन मारलं ते ठिकाण. शेजारी मेणबत्ती लावतात आणि पुढच्या पाटीकडे जातात.