कृपादानं, सेवेचं काम आणि एक स्वल्पविराम

देवाने तुला जे दिलंय ते मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेवेत वापर, हे आज इतक्या सहज बोललं जातं की पहिल्यापासून सगळ्यांना असंच सांगितलं जात असेल असं वाटतं. तसं अजिबात नाहीये. बायबलमधले रोमकरांस 12, करिंथकरांस पहिलं पत्र 12, इफिसकरांस 4 आणि पेत्राच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय बहुतेकांना तोंडपाठ असतो, म्हणून त्यांतल्या कृपादानांच्या, म्हणजे देवाने सेवेसाठी दिलेल्या देणग्यांच्या, याद्या इथे परत देत नाही.

या देणग्यांना आपण सर्रास 'टॅलेंट' म्हणतो, त्या शब्दाबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. मत्तय 25 मधल्या दृष्टांतात मालक नोकरांकडे सोपवतो तो तालांत म्हणजे कौशल्य नव्हे, पैसा. एक तालांत साधारण 6000 दिनारांचा, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे एकच तालांत मिळालेल्या त्या नोकराच्या हातातही जवळपास 20 वर्षांची कमाई होती. मध्ययुगात याच दृष्टांतावरून युरोपातल्या भाषांमध्ये या शब्दाला अंगच्या गुणाचा अर्थ चिकटला. प्रेषित पौल आपल्या पत्रांत जो ग्रीक शब्द वापरतो तो वेगळाच, खारिस्मा, खारिस म्हणजे कृपा त्यावरून आलेला. नव्या करारात तो 17 वेळा येतो, त्यातल्या 16 वेळा पौलाच्या नावावरच्या पत्रांत. म्हणून आपलं 'कृपादान' मला फार नेमकं वाटतं, त्यात भर देणाऱ्यावर आहे, घेणाऱ्याच्या हुशारीवर नाही.

आता खरा वाद. इफिसकरांस 4:11 मध्ये प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक-शिक्षक हे ख्रिस्ताने दिले असं आहे, आणि 12व्या वचनात ते कशासाठी दिले ते येतं. पवित्र जनांच्या (म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या) सिद्धतेसाठी, सेवेच्या कामासाठी, ख्रिस्ताचं शरीर (म्हणजे मंडळी) उभारण्यासाठी. 'सिद्धतेसाठी' नंतर स्वल्पविराम ठेवला तर ही तिन्ही कामं पाळक-शिक्षकांची होतात आणि बाकीचे बसून घेणारे. तो काढला तर पाळकाचं काम लोकांना तयार करणं, आणि सेवा करायची ती लोकांनी! एवढ्याशा खुणेवर सामान्य विश्वासणाऱ्याची अख्खी जागा ठरते. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हं जवळजवळ नसायचीच, म्हणजे ही खूण पौलाची नाही, नंतरच्या लोकांनी आपापल्या समजुतीने घातलेली आहे. 1611च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात ती होती. 1946 मध्ये अमेरिकेत नव्या कराराचं एक सुधारित भाषांतर आलं त्यातही राहिली, आणि त्याच भाषांतराच्या 1971च्या दुसऱ्या आवृत्तीत गेली. मधल्या 25 वर्षांत मूळ ग्रीक बदललं नव्हतं, मंडळीकडे बघायची नजर बदलली होती.

स्वल्पविरामाच्या बाजूनेही अभ्यासक आहेत, 1990च्या दशकात काहींनी तो परत आणावा असा जोरदार युक्तिवाद केला. त्यांचं म्हणणं, तिन्ही वाक्यांश एकाच रांगेतले आहेत, आणि आधीच्या वचनात विषय पदांचाच चाललाय. मुद्दा हलका नाही. पण 7वं वचन 'प्रत्येकाला' कृपा दिली म्हणतं आणि 16वं वचन 'प्रत्येक अंग' आपापलं काम करतं म्हणतं, मग मधल्या वचनात सगळं काम चार-पाच पदांवर कसं टाकायचं हे मला पटत नाही. शिवाय 'सिद्धता' ज्या क्रियापदापासून येते तेच मार्क 1:19 मध्ये आहे, जिथे याकोब आणि योहान तारवात बसून जाळी नीट करतायत. फाटलेला भाग सांधायचा, गाठी बांधायच्या, आणि हे सगळं कशासाठी, तर जाळं परत पाण्यात टाकायला.

सामान्य माणसाच्या कामाला मान मिळायची मोठी पायरी त्याआधी 1520 मध्ये पडली होती. जर्मनीतल्या एका सुधारकाने लिहिलं की बाप्तिस्म्याने सगळेच याजक आहेत, पदाचा फरक आहे तो फक्त कामाचा. तरी सुधारलेल्या मंडळ्यांतसुद्धा बोलणारा एक आणि ऐकणारे शंभर हेच पुढे कित्येक शतकं चालू राहिलं. कॅथोलिक बाजूला 1963च्या शरद ऋतूत रोममध्ये बिशपांच्या परिषदेत यावर समोरासमोर वाद झाला. एका कार्डिनलचं म्हणणं, कृपादानं सुरुवातीच्या मंडळीत भरपूर होती, पुढे दुर्मिळ झाली. दुसऱ्याने सांगितलं की ती आजही आहेत, साध्या लोकांकडेही आहेत. परिषद दुसऱ्याच्या बाजूने गेली, आणि 1965च्या आदेशात तर असं आलं की अगदी साधं कृपादान मिळालेल्या विश्वासणाऱ्यालाही ते वापरण्याचा हक्क आणि कर्तव्य दोन्ही आहे.

तेवढ्यात 1906च्या लॉस एंजेलिसमधल्या धार्मिक जागृतीपासून वाढलेली, पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी पेंटेकॉस्टल चळवळ 1960च्या दशकात जुन्या मंडळ्यांत शिरली आणि कृपादान म्हटलं की आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषा बोलणं आणि आरोग्यदान, म्हणजे आजाऱ्यांना बरं करणं, एवढंच डोळ्यासमोर यायला लागलं. मग 1970च्या दशकात अमेरिकेत प्रश्नावल्या निघाल्या. त्यातली एक बरीच पसरली, सव्वाशे वाक्यं, प्रत्येकापुढे 0 ते 3 गुण, शेवटी बेरीज करून तुमचं कृपादान कोणतं ते बघायचं. यातून हजारो लोकांना पहिल्यांदा वाटलं की आपल्याकडेही काहीतरी आहे, हे मी मनापासून मानतो. पण शिकण्यातून आलेलं कौशल्य आणि आत्म्याने दिलेलं दान यात भिंत उभी राहिली तीही याच काळात. जी ताई वर्षानुवर्षं मंडळीचे हिशोब चोख ठेवते तिला सांगितलं जातं की हे तुझं नैसर्गिक कौशल्य, कृपादान वेगळं शोध. पण करिंथकरांस पहिल्या पत्रात 12:28 मध्ये व्यवस्था पाहणं आरोग्यदानाच्याच यादीत बसलंय, आणि तिथला ग्रीक शब्द जहाजाचं सुकाणू धरणाऱ्याच्या कामावरून आलाय. त्याही आधी, निर्गम 31 मध्ये, बसालेल नावाचा कारागीर देवाच्या आत्म्याने भरला तो सोनं-चांदी घडवायला, रत्नांना पैलू पाडायला आणि लाकूड कोरायला.